जुन्या अमेरिकन मालमोटारी : त्यांची निवड व निगा

जनावर विकत घेणें सोपें, पण बाळगणें कठीण, ही गोष्ट शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. बाजारांत पैसे मोजून पावती घेतली म्हणजे बैल आपला होतो. परंतु वैरण, पाणी व दुखण्याखुपण्याची काळजी ज्याच्या हातून होते तोच त्याचा खरा मालक. यंत्राची गोष्टही हीच आहे. जुन्या अमेरिकन मालमोटारींविषयीं बोलणें निघालें कीं, "त्या गाड्या दणकट, त्यांस कांहीं होत नाहीं," असें लोक सहज म्हणतात. हा समज अर्धाच खरा आहे. व उरलेल्या अर्ध्याची किंमत एका गरीब माणसास कशी द्यावी लागली, हें मीं लहानपणीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. सबब ज्या वाचकांच्या घरीं अशी गाडी असेल, अगर ती घेण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांच्याकरितां हा लेख लिहिला आहे.

१. ह्या गाड्या कशा जन्मल्या

सन १९१७ मध्यें फोर्ड कंपनीनें आपल्या सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटारीवरून एक टन ओझें नेणारी 'टीटी' नांवाची मालमोटार काढली. इंजिन तेंच, सुमारें २० अश्वशक्तीचें. मात्र सांगाडा अधिक लांब व भक्कम, आणि मागील आंस अवजड कामास योग्य असा. आरंभीं ही गाडी नुसत्या सांगाड्याच्या रूपानेंच विकली जाई. वरचा साटा घेणारानें आपल्या गांवच्या सुताराकडून करून घ्यावा अशी रीत होती. पुढें सन १९२९ मध्यें शेव्हरोले कंपनीनें सहा सिलिंडरांचें इंजिन प्रचारांत आणिलें, व त्याच जातीचीं इंजिनें तिच्या मालमोटारींत कित्येक वर्षें राहिलीं. कापणीयंत्रें व ट्रॅक्टर करणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या मालमोटारीही तिकडील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाच्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धांत डॉज कंपनीनें पाऊण टनी लष्करी गाड्या मोठ्या संख्येनें केल्या. त्यांची चारही चाकें इंजिनाच्या जोरावर फिरत. युद्ध संपल्यावर सन १९४६ मध्यें ह्याच नमुन्यावरून 'पॉवर वॅगन' नांवाची एक टनी मालमोटार नागरिकांस विकावयास निघाली. २३० घन इंचांचें, ९४ अश्वशक्तीचें सहा सिलिंडरांचें इंजिन, चार गिअर, आणि त्यांचा जोर आणखी वाढविणारी दुहेरी गिअरपेटी, अशी तिची रचना होती. इच्छेप्रमाणें पुढें ओढकाम करणारा रहाट व मागें पट्टा फिरविण्याचें चाक लावतां येई. म्हणजे एकच गाडी ओझें नेई, रुतलेली दुसरी गाडी ओढून काढी, व उभ्या जागीं यंत्रही चालवी. अमेरिकेंत ती सन १९६८ पर्यंत विकली जात होती, व तिच्या बाह्य रूपांत फारसा फरक पडला नाहीं.

ह्या सर्व गाड्यांत एक गुण समान आहे. अमेरिकेच्या मैदानी मुलुखांतील शेतकऱ्याची वस्ती गांवापासून दूर असे. मिस्त्री जवळ नसे. म्हणून गाडी अशी करावी लागे कीं, पाना, हातोडी व थोडी समज यांवर मालकानें ती स्वतः दुरुस्त करावी. इंजिन मंद गतीचें व कमी दाबाचें, प्लग, कार्बुरेटर, पेट्रोलपंप हीं सर्व हातास लागतील अशीं, सांगाडा सरळ शिडीसारखा, पाटे जाड. त्यांचा दणकटपणा लोखंडाच्या जाडींत जितका आहे, त्याहून अधिक ह्या सुलभतेंत आहे. जें उघडतां येतें तें तपासतां येतें, व जें तपासतां येतें तें टिकवितां येतें. परंतु तपासणारा पाहिजे. तो नसेल तर सुलभतेचा उपयोग काय?

२. आपल्या मुलुखाशीं संबंध

ह्या गाड्या आपणांस परक्या नाहींत. जनरल मोटर्स कंपनीनें सन १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं सन १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत सन १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें गाड्या होऊं लागल्या. डॉज व फार्गो ह्या नांवांच्या मालमोटारी तेथूनच महाराष्ट्रभर पसरल्या. फार्गो ही डॉजचीच सख्खी बहीण. निराळें काय तें नांव. ऊंस, गूळ, कांदा व कापूस ह्या गाड्यांनीं किती वाहिला असेल याची गणती नाहीं.

३. एक अनुभव

माझे चुलते, ज्यांस आम्ही सर्व आप्पा म्हणत असूं, त्यांनीं अशीच एक जुनी फार्गो विकत घेतली होती. पेट्रोल परवडेना म्हणून तींत पूर्वींच्या मालकानें पर्किन्स जातीचें डिझेल इंजिन बसविलें होतें. त्या काळीं तशी चालच होती. मोसमांत ती आमचा व शेजाऱ्यापाजाऱ्यांचा गूळ कोल्हापूरच्या बाजारांत नेई. आप्पा फार शिकलेले नव्हते, परंतु त्यांनीं गाडीची एक वही ठेविली होती. तारीख, किती मैल चालली, ऑइल केव्हां बदललें, ग्रीस कोठें दिलें, व काय आढळलें, हें सर्व ते त्या वहींत पेन्सिलीनें लिहीत. दर शनिवारीं ते गाडीखालीं निजून तासभर सर्व पाहत. आम्ही मुलें ह्यास आप्पांची पूजा म्हणून हंसत असूं.

सन १९७८ च्या पावसाळ्यांत आप्पा अंथरुणास खिळले. गाडी घरांतील तरुण मंडळींनीं चालविली. गाडी चालत होती, म्हणून ती चांगली आहे असें सर्वांनीं धरून चालविलें. त्या मोसमांत, गुळाच्या भेल्या भरून उतरतांना, आमच्या गांवाजवळच्या उतारावर ब्रेक एकाएकीं तळाशीं गेला. हातब्रेकही झिजलेला. गाडी चालविणारानें प्रसंगावधान राखून ती बांधाच्या बाजूस घातली, म्हणून समोरून येणाऱ्या बैलगाड्या वांचल्या. परंतु वर बसलेला आमचाच एक गडी भेल्यांखालीं सांपडला व त्याचा पाय मोडला. तो बरा झाला. पण त्याचें लंगडणें जन्माचें राहिलें.

मागाहून पाहतां ब्रेक ऑइलची कुपी कोरडी निघाली. एका चाकांतील रबर फाटून तेल महिनोगणती थेंब थेंब गळत होतें. ती कुपी ह्या गाडींत पायाखालच्या फळीखालीं असते. फळी उचलून पाहावयास पांच मिनिटेंही लागत नाहींत. आप्पांनीं वही मागविली. त्यांच्या अक्षरांतील शेवटच्या नोंदीपुढें सात महिन्यांचीं पानें कोरीं होतीं. ते कोणास रागें भरले नाहींत. "गाडी तुमच्या ताब्यांत दिली होती, तुम्ही ती घेतलीच नाहीं," एवढेंच बोलले. मीं पुढें सारा जन्म महसूल खात्यांत नोंदी करण्यांत घालविला. खातें कोणाच्या नांवावर व प्रत्यक्ष वहिवाट कोणाची, हा भेद तेथें रोजच पडे. परंतु तो मला प्रथम कळला तो त्या कोऱ्या पानांवरून.

४. घेतांना काय पाहावें

(अ) कागदपत्र. नोंदणीपुस्तकांतील सांगाड्याचा व इंजिनाचा नंबर प्रत्यक्ष लोखंडावरील नंबराशीं ताडून पाहावा. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलें असणें सामान्य आहे. त्याची नोंद झालेली नसेल तर पुढें त्रास होतो. पूर्वींचें कर्ज फिटल्याची नोंद आहे कीं नाहीं हेंही पाहावें.

(आ) सांगाडा. रंगास भुलूं नये. पाट्यांचे कान जेथें सांगाड्यास जोडतात तेथें, व आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांपाशीं, टोंकदार हत्यारानें टोंचून पाहावें. पत्र्याचा गंज परवडतो. सांगाड्याची चीर किंवा बेढब जोडकाम परवडत नाहीं.

(इ) इंजिन. थंड असतांना सुरू करावयास लावावें. विकणारानें तें आधींच तापवून ठेविलें असेल तर संशय धरावा. ऑइलच्या दाबाचा कांटा, धुराचा रंग व खालच्या बाजूचा ठोका यांकडे लक्ष द्यावें. ऑइलमापाच्या कांडीवर दुधासारखा फेस दिसल्यास आंत पाणी शिरत आहे असें समजावें.

(ई) सुटे भाग. अमेरिकेंत जुन्या शेव्हरोले, फोर्ड व डॉज गाड्यांचे पुष्कळ भाग आजही नव्यानें तयार होऊन मिळतात. दुर्मिळ जातीची गाडी स्वस्त मिळाली तरी तिचे भाग महाग पडतात, हें विसरूं नये.

५. निगा

ऑइल व ग्रीस. ह्या गाड्यांस आजच्या गाड्यांसारखी दीर्घ मुदत चालत नाहीं. सांगाड्याखालील ग्रीसच्या जागा दर १००० मैलांस, म्हणजे सुमारें १६०० किलोमीटरांस, भराव्या. धुळींत अगर चिखलांत काम झाल्यास त्याआधींच. जुनी घाण पुसल्याशिवाय पिचकारी लावूं नये, नाहीं तर ग्रीसबरोबर वाळूही आंत जाते. कित्येक वर्षें बंद असलेल्या इंजिनांत एकदम आजचें शोधक गुणाचें ऑइल घातल्यास तळचा गाळ सुटून नळ्यांत अडकतो. म्हणून प्रथम तळची परात उतरवून स्वच्छ करावी. शेव्हरोलेच्या २१६ घन इंचांच्या इंजिनांत पिस्टनदांड्यांच्या बेरिंगांस ऑइल पूर्ण दाबानें न मिळतां बव्हंशीं पळींतून उडून मिळतें, व तीं बेरिंगें मऊ धातूचीं ओतीव असतात. असें इंजिन सावकाश चालविल्यास पिढीभर टिकतें, भरधांव पळविल्यास एका प्रवासांत निकामी होतें. ह्या कंपनीच्या मालमोटारींत पूर्ण दाबाची व्यवस्था सन १९५४ पासून आली.

हवा. ऑइलच्या भांड्यांतून हवा गाळून घेणारी चाळणी ह्या गाड्यांत बहुधा असते. मळणीच्या व ऊंसवाहतुकीच्या दिवसांत तींतील गाळ दररोज पाहावा. धूळ ही इंजिनाची वाळवी होय.

पाणी. रेडिएटरांत विहिरीचें क्षारयुक्त पाणी घालूं नये. त्याचा थर आंत बसून मार्ग बंद होतात. गाळलेलें पावसाचें पाणी, अगर बॅटरीकरितां मिळतें तें शुद्ध पाणी, गंजरोधक द्रव मिसळून वापरावें. इंजिन फार तापल्यास टोपण लगेच उघडूं नये. व गरम इंजिनांत थंड पाणी ओतूं नये, कारण त्यानें ओतीव लोखंडास चीर पडते.

पेट्रोल. शिसेमिश्रित पेट्रोल भारतांत सन २००० पासून बंद झालें. हलक्या कामास त्यावांचून फारसें अडत नाहीं. मात्र इंजिन उघडण्याचा प्रसंग आला तर व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवून घ्याव्या. अधिक काळजीची गोष्ट इथेनॉलची आहे. सन २०२५ पासून आपल्याकडील पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या रबरी नळ्या, पंपांतील पडदा व कार्बुरेटरांतील लाखेचें लुकण दिलेला बुचाचा तरंगता भाग यांस तें मानवत नाहीं. हे भाग नव्या जातीचे बसवावे, व गाडी महिनेच्या महिने उभी राहणार असेल तर टाकींत पेट्रोल ठेवूं नये.

वीज. सन १९५५ च्या सुमारापूर्वींच्या बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. फोर्ड व डॉज यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें, शेव्हरोलेंत ऋण टोंक. हें न पाहतां ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी जोडल्यानें कित्येकांनीं दिवे व डायनामो जाळले आहेत. ६ व्होल्टच्या गाडीस तारा जाड व सांधे स्वच्छ पाहिजेत.

ब्रेक. ह्याविषयीं कितीही लिहिलें तरी थोडें. अमेरिकेंत दुहेरी मार्गाचे ब्रेक सन १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीचे झाले. त्यापूर्वींच्या गाड्यांत तेलाचा मार्ग एकच असतो. एका चाकापाशीं गळती झाली कीं चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून कुपी दर आठवड्यास उघडून पाहावी. पातळी उतरली तर नुसती भर घालून समाधान मानूं नये; तेल कोठें गेलें तें शोधावें. ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषितें, म्हणून दोन वर्षांनीं तें सर्व बदलावें. इंजिनाचें ऑइल त्यांत चुकूनही घालूं नये, त्यानें रबर फुगतें. हातब्रेक उतारावर उभें राहून तपासावा. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असतें व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती हवेनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

चाकें. डॉज व फार्गो गाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्याचे असतात. हें ठाऊक नसल्यानें लोक जोर लावून बोल्टच मोडतात. ज्या चाकांस लोखंडी कडें असतें, त्यांत हवा भरतांना कडें निसटून माणूस ठार होऊं शकतो. असें चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवून, लांब नळीनें, बाजूस उभें राहून भरावें. व हें काम जाणत्याकडेच द्यावें.

हँडल. हँडल मारतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मूठ वळवूं नये. व खालून वर ओढावें, वरून खालीं दाबूं नये. इंजिन उलटें फिरल्यास हात मोडतो. ज्या गाडींत ठिणगी मागेंपुढें करण्याची दांडी आहे तींत ती आधीं मागें घ्यावी.

चालविणें. जुन्या गिअरपेट्यांत गिअर आपोआप जुळत नाहींत. क्लच दोनदां दाबून, मध्यें इंजिनाची गति जमवून, गिअर टाकावा. उतारावर ज्या गिअरांत चढलों त्याच गिअरांत उतरावें, हा नियम ह्या गाड्यांस अक्षरशः लागू आहे. ताशीं ६५ किलोमीटरच्या पुढें त्यांस ओढण्यांत शहाणपण नाहीं.

६. खर्च व कायदा

आतां स्पष्ट बोललें पाहिजे. आज नित्याच्या वाहतुकीकरितां अशी गाडी घेणें हिशेबांत बसत नाहीं. इंधन अधिक लागतें, वेग कमी, व वाहकाच्या संरक्षणाचीं आजचीं साधनें तींत नाहींत. अमेरिकेंतही कांहीं शेतांवर धान्य वाहणाऱ्या जुन्या मालमोटारी टिकल्या आहेत त्या, वर्षांतून सुगीचे थोडे दिवसच बाहेर निघतात म्हणून. आपल्याकडे केंद्र सरकारनें सन २०२१ मध्यें ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांकरितां 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. ही नोंदणी १० वर्षांची असते व तिची फी २०,००० रुपये ठरविली गेली. परंतु ती बिगर-व्यापारी गाड्यांस आहे. व अशी गाडी प्रदर्शन, शर्यतफेरी, इंधन भरणें व दुरुस्ती अशा कारणांशिवाय रस्त्यावर नित्य चालवितां येत नाहीं. म्हणून घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन, आपली गाडी कोणत्या सदरांत बसते हें लेखी समजून घ्यावें. तोंडी आश्वासनावर व्यवहार करूं नये.

मग ती बाळगावीच कशास? ज्याच्या घरीं ती वाडवडिलांपासून आहे, अगर ज्यास यंत्र समजून घेण्याची खरी आवड आहे, त्यानें ती अवश्य बाळगावी. अशा गाडीवर शिकलेला मुलगा पंप, ट्रॅक्टर व मळणीयंत्र यांस बिचकत नाहीं. मात्र नुसती झाडाखालीं उभी करून "आमच्याकडे जुनी डॉज आहे" असें सांगणें म्हणजे गाडी बाळगणें नव्हे. उभी गाडी चालत्या गाडीहून लवकर मरते. रबरें वाळतात, ब्रेक चिकटतात, उंदीर तारा खातात. पंधरवड्यांतून एकदां तरी तिचें इंजिन नीट तापेपर्यंत चालवावें, व दोनचार फर्लांग तिला हिंडवावें.

७. वही

शेवटीं मुख्य गोष्ट. एक वही करावी. तींत पांच रकाने आंखावे : तारीख, मैल, काय केलें, काय आढळलें, कोणी केलें. शेवटचा रकाना विसरूं नये, कारण ज्या कामापुढें कोणाचें नांव नाहीं तें काम कोणीच करीत नाहीं. घरांतील कर्ता माणूस आजारी पडला, परगांवीं गेला, अगर वारला, तर ज्याच्या हातीं किल्ली जाईल त्याच्याच हातीं त्याच दिवशीं वहीही द्यावी. व त्यानें पहिली नोंद स्वतःच्या हातानें करीपर्यंत गाडी दाराबाहेर काढूं नये.

आप्पांची फार्गो पुढें दुरुस्त झाली व आणखी नऊ वर्षें चालली. त्या नऊ वर्षांत वहीचें एकही पान कोरें राहिलें नाहीं. तो गडीही आमच्याकडे शेवटपर्यंत होता. दर शनिवारीं फळी उचलून कुपी पाहण्याचें काम त्यानें आपण होऊन मागून घेतलें होतें, व शेवटच्या रकान्यांत तो आपला आंगठा उठवीत असे. गाडी भंगारांत गेली. वही मजपाशीं आहे. जुनी मालमोटार घेणाऱ्या प्रत्येक वाचकानें गाडीआधीं वही विकत घ्यावी, एवढीच माझी विनंति आहे.